रेशीम काढणारे हात : कौशल्याचे आणि कष्टाचे मोजमाप

पैठणी विकत घेताना काठपदराची वीण, जरीचा कस आणि रंगाची जात पारखली जाते, विणकराचे गावही विचारले जाते. परंतु ज्या धाग्यावर हे सारे उभे असते तो कोणाच्या हातून निघाला, हे सहसा कोणी विचारत नाही. येवल्याच्या मागांवर चढणारे रेशीम बरेचसे बंगळूरच्या बाजारातून येते, आणि त्या बाजारातील मालाचा मोठा भाग रामनगर, शिडलघट्टा यांसारख्या कर्नाटकातील गावांत, गरम पाण्याच्या भांड्याजवळ दिवसभर काम करणाऱ्या कारागिरांनी कोषांतून उलगडलेला असतो. एकाच ढिगातले कोष दोन कारागिरांना दिले, तरी एकाची लड मागावर सरळ चालते आणि दुसऱ्याची पुन्हापुन्हा तुटते, हा या व्यवसायातील नेहमीचा अनुभव आहे. व्यापारी त्यावर ‘हात चांगला’ किंवा ‘हात कच्चा’ असा शेरा मारून मोकळा होतो. मात्र हा ‘हात’ मोजता येतो का, आणि मोजताना तो हात किती तापलेल्या पाण्यात, किती तास आणि कोणत्या मजुरीवर राबतो, हेही त्याच कागदावर यायला हवे का, हे प्रश्न दिसतात त्यापेक्षा खोल आहेत.

कोषातून धागा कसा निघतो

तुतीवर वाढणाऱ्या रेशीमकिड्याचा कोष म्हणजे एका अखंड तंतूची गुंडाळी असते. कर्नाटकात प्रचलित असलेल्या संकरित जातींच्या कोषात हा तंतू साधारणतः 600 ते 900 मीटर भरतो, तर वर्षातून दोन पिढ्या देणाऱ्या, म्हणजे द्विप्रज जातींच्या कोषात तो 1000 मीटरच्याही पुढे जातो. तंतूचा गाभा फायब्रॉइन नावाच्या प्रथिनाचा असून त्याभोवती सेरिसिन या डिंकासारख्या चिकट प्रथिनाचे आवरण असते. वजनात या आवरणाचा वाटा सुमारे 25 ते 30 टक्के असतो आणि त्याच्यामुळेच कोषाचे कवच घट्ट राहते. कोष उकळीजवळच्या पाण्यात शिजवला की सेरिसिन मऊ होते, कवचाचे थर एकमेकांना सोडू लागतात, आणि ब्रशने किंवा हाताने वरचा गुंता काढून टाकल्यावर तंतूचे खरे टोक हाती येते.

एका कोषाचा तंतू विणण्याच्या दृष्टीने फारच बारीक असल्यामुळे आठ-दहा कोषांची टोके एकत्र ओढली जातात. ओल्या सेरिसिनमुळे ती एकमेकांना चिकटतात आणि वाळल्यावर एकच धागा तयार होतो. चरखा या जुन्या पद्धतीत कोष शिजवणे आणि धागा काढणे एकाच कढईत चालते, एक जण कढईशी बसून टोके लावतो आणि दुसरा चाक फिरवतो. कॉटेज बेसिन या सुधारित पद्धतीत कोष वेगळ्या भांड्यात शिजवून मग कोमट पाण्याच्या बेसिनमध्ये आणले जातात, धागा चाकावर जाण्यापूर्वी त्याला स्वतःभोवतीच काही वेढे दिले जातात, आणि त्या वेढ्यांमधून जाताना पाणी पिळून निघून धागा गोल व एकजीव होतो. चरख्याच्या धाग्याला हा पीळदार टप्पा मिळत नाही, त्यामुळे तो तुलनेने चपटा व सैल राहतो, आणि हा फरक कारागिराच्या हाताचा नसून साधनाचा आहे, हे पुढील साऱ्या मोजमापात लक्षात ठेवावे लागते.

कौशल्याचा खरा कस मात्र टोके जोडण्यात लागतो. कोषाच्या बाहेरच्या थरातील तंतू जाड असतो आणि आत आत जाताना तो बारीक होत जातो. धाग्यात आठ कोष आहेत एवढे पाहून भागत नाही, कारण आठही कोष नवे असतील तर धागा जाड निघेल आणि आठही संपत आलेले असतील तर तो बारीक पडेल. म्हणून कारागीर पाण्यावर नाचणाऱ्या कोषांत काही नवे, काही अर्धे आणि काही पारदर्शक झालेले, अशी मिसळ सतत राखतो, एखादा तंतू तुटून कोष जागीच थांबला की तो क्षणात हेरतो आणि नवे टोक धाग्यावर भिरकावून चिकटवतो. जात्यावर दळताना घास वेळेवर आणि बेताचा पडला तरच पीठ एकसारखे येते, घास मोठा झाला तर भरड निघते आणि उशीर झाला तर नुसता दगडावर दगड फिरतो. तसेच येथे आहे, फक्त येथे घास तासाभरात शेकडो वेळा घालावा लागतो.

चौकट : डेनिअर म्हणजे काय

धाग्याची जाडी फूटपट्टीने मोजणे अवघड असल्यामुळे ती वजनावरून सांगतात. 9000 मीटर लांबीच्या धाग्याचे ग्रॅममधील वजन म्हणजे त्याचा डेनिअर. 9000 मीटर धागा 20 ग्रॅम भरला तर तो 20 डेनिअरचा. तुतीच्या एका तंतूचा डेनिअर साधारणतः 2 ते 3 असतो. म्हणून सरासरी अडीच डेनिअरचे आठ तंतू एकत्र आले की 20 डेनिअरचा धागा होतो. व्यवहारात 450 मीटरची लड तोलतात, आणि ती 1 ग्रॅम भरली तर धागा 20 डेनिअरचा असतो.

या चौकटीतील आकड्यांवरून एक हिशेब मांडता येतो. 20 डेनिअरच्या 1 किलो रेशमाची लांबी 450 किलोमीटर होते, त्यात आठ तंतू असल्याने एकूण तंतू 3600 किलोमीटर लागतो, आणि प्रत्येक कोषातून 800 मीटर तंतू मिळतो असे धरले तर 4500 कोष उलगडावे लागतात. म्हणजेच एकही तंतू मध्ये तुटला नाही असे मानले तरी एका किलोमागे किमान 4500 वेळा टोक शोधून जोडावे लागते, आणि प्रत्यक्षात तंतू तुटतातच, त्यामुळे ही संख्या बरीच वाढते. किलोवर मजुरी ठरवताना या हजारो बारीक निर्णयांपैकी एकही कागदावर येत नाही.

लड काय सांगते

रेशमाच्या व्यापारात धागा तपासण्याची परंपरा जुनी आहे. रेशीम हवेतील ओलावा सहज शोषून घेते आणि ओले रेशीम जास्त वजन भरते, म्हणून फ्रान्समधील ल्यों शहरात 1805 मध्ये रेशमाचे खरे, म्हणजे ओलावा वजा जाता ठरलेले वजन काढणारी सार्वजनिक संस्था स्थापन झाली. जपानने योकोहामा बंदरात अशीच तपासणी संस्था 1896 मध्ये उभारली. भारतात केंद्रीय रेशीम मंडळ 1948 च्या कायद्याने अस्तित्वात आले आणि धागानिर्मितीच्या तंत्रावर संशोधन करणारी त्याची संस्था 1983 पासून बंगळूर येथे आहे. या सर्व ठिकाणी धाग्याच्या परीक्षा अतिशय काटेकोरपणे बसवल्या गेल्या, आणि कारागिराच्या कौशल्याचे मोजमाप करू पाहणाऱ्याला पहिला आधार याच परीक्षांचा घ्यावा लागतो.

पहिली परीक्षा समतेची. एकाच कारागिराच्या मालातून ठरावीक लांबीच्या अनेक लडी काढून त्या स्वतंत्र तोलतात. समजा, दोन कारागिरांच्या लडींची सरासरी 20 डेनिअरच आली. परंतु पहिल्याच्या लडी 19 ते 21 च्या दरम्यान राहिल्या आणि दुसऱ्याच्या 14 पासून 27 पर्यंत पसरल्या, तर सरासरी सारखी असूनही दुसऱ्याच्या धाग्यात बारीक जागा जास्त असून मागावर तो तेथेच तुटेल. म्हणून कौशल्य सरासरीत शोधायचे नसते, ते या पसाऱ्यात दिसते. याच गोष्टीची डोळ्यांनी खात्री करण्यासाठी सेरिप्लेन नावाच्या काळ्या फळ्यावर धागा शेजारीशेजारी गुंडाळतात आणि ठरावीक प्रकाशात तो फळा प्रमाण छायाचित्रांशी ताडून पाहतात. जाड-बारीक भागांचे पट्टे, गाठी आणि लोंबणारे तंतू काळ्या पार्श्वभूमीवर लगेच उठून दिसतात.

दुसरी परीक्षा धागा पुन्हा गुंडाळताना किती वेळा तुटतो याची, आणि तिसरी त्यातील तंतू एकमेकांना किती घट्ट धरून आहेत याची. या दोन्हींवर सेरिसिन किती मऊ झाले, कोष किती शिजले आणि वेढे किती पडले यांचा परिणाम होतो. चौथे माप व्यवसायात सर्वांच्या तोंडी असते, ते म्हणजे रेंडिटा : 1 किलो रेशीम काढण्यासाठी किती किलो कोष लागले. संकरित कोषांसाठी हा आकडा साधारणतः सात-आठच्या घरात असतो आणि चांगल्या द्विप्रज कोषांसाठी तो सहाच्या आसपास उतरतो. कोषांवर होणारा खर्च हाच धागा काढण्याच्या व्यवसायातील सर्वांत मोठा खर्च असल्यामुळे मालक रेंडिट्याकडे डोळे लावून असतो. टोक शोधताना ज्याच्या हातून चांगला तंतूही गुंत्याबरोबर निघून जातो, त्याच्यामुळे रेंडिटा वाढतो आणि मालकाचे नुकसान होते.

ही सारी मापे धाग्याची आहेत, कारागिराचे काम मात्र धागा होण्यापूर्वीच संपलेले असते. थांबलेला कोष हेरण्यास किती वेळ लागला, टोक पहिल्या प्रयत्नात चिकटले का, चाक चालू असताना एका हाताने टोक लावून दुसऱ्या हाताने पुढचा कोष तयार ठेवला का, थर्मामीटर नसताना वाफेच्या रंगावरून व कोषाच्या मऊपणावरून पाण्याचा अंदाज कितपत बरोबर आला, हे पाहायचे असेल तर हातांचे चित्रीकरण करून त्यातील एकेक चौकट मोजावी लागते. सराईत कारागिराच्या बाबतीत डोळे एका कोषावर आणि बोटे दुसऱ्यावर असतात, असे अशा चित्रीकरणात स्पष्ट दिसते. नवख्याचे डोळे आणि बोटे एकाच ठिकाणी अडकतात. कौशल्याचा हा भाग लडीतून कधीच वाचता येत नाही, आणि म्हणूनच केवळ प्रयोगशाळेतून आलेल्या श्रेणीवर कारागिराची पत ठरवणे अपुरे पडते.

दोष कोणाचा, हे कसे ओळखावे

लड खराब निघाली तर त्यामागे तीन कारणे संभवतात : कोष निकृष्ट होते, हात कच्चा होता, किंवा कामाची जागा वाईट होती. व्यवहारात ही तिन्ही कारणे एकमेकांत मिसळलेली असतात. ज्याच्याकडे भांडवल कमी, तो बाजारात उरलेले स्वस्त कोष घेतो, त्याचे बेसिन जुने असते, धूर बाहेर जाण्यास वाट नसते, आणि त्याच्याकडे काम करणाऱ्या कारागिराची लड साहजिकच कमी प्रतीची निघते. तेवढ्यावरून त्या कारागिराला अकुशल ठरवले, तर कोषाचा आणि जागेचा दोष माणसाच्या खाती पडतो, आणि या क्षेत्रात ही चूक जितक्या सहज होते तितकीच ती अन्यायाची आहे.

ही गुंतागुंत सोडवण्याची रीत शेतीच्या प्रयोगांतून आली आहे. जमिनीचा कस जागोजाग बदलत असल्यामुळे बियाण्याचा गुण आणि जमिनीचा गुण वेगळा कसा करावा, हा प्रश्न इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथील संशोधन केंद्रात 1920 च्या दशकात संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांच्यासमोर होता, आणि त्यासाठी त्यांनी लॅटिन चौरस नावाची मांडणी उपयोगात आणली. धागा काढण्याच्या कामाला ती अशी लागू पडते : तीन कारागीर, कोषांचे तीन ढीग आणि तीन बेसिन घ्यायची, आणि तीन दिवसांत पाळ्या अशा बदलायच्या की प्रत्येक कारागीर प्रत्येक ढिगावर एकदा आणि प्रत्येक बेसिनवर एकदा बसेल, आणि प्रत्येक ढीगही प्रत्येक बेसिनवर एकदाच येईल. नऊ पाळ्यांच्या लडी तोलल्यावर जो फरक ढीग बदलला तरी कारागिराबरोबर राहतो तो हाताचा, जो ढिगाबरोबर फिरतो तो कोषाचा, आणि जो बेसिनला चिकटून राहतो तो जागेचा व साधनाचा.

याच पद्धतीत आणखी एक साधी भर घातली तर मोजमापाचे स्वरूपच पालटते. त्याच कारागिराच्या सकाळच्या पहिल्या तासातील लडी आणि संध्याकाळच्या शेवटच्या तासातील लडी वेगवेगळ्या तोलल्या, तर डेनिअरचा पसारा दिवसभरात किती वाढतो ते कळते. माणूस तोच, कोष तेच, कौशल्यही तेच. बदललेला असतो तो थकवा, उष्मा आणि डोळ्यांवरील ताण. कौशल्य आणि कामाची परिस्थिती या दोन गोष्टी एकाच लडीत मोजता येतात त्या येथे, आणि म्हणूनच त्यांची मोजणी दोन वेगळ्या खात्यांनी दोन वेगळ्या वर्षी करण्याची प्रथा मोडीत काढणे आवश्यक आहे.

शरीरावर उमटणारी मापे

धागा काढण्याच्या छपरीत शिरल्यावर प्रथम जाणवते ती वाफ, आणि त्यापाठोपाठ कोषातील शिजलेल्या किड्यांचा उग्र वास. येथील उष्म्याचे माप साध्या थर्मामीटरने चुकते, कारण हवेत वाफ भरलेली असली की घाम वाळत नाही आणि शरीराला स्वतःला थंड ठेवण्याचा मार्गच बंद होतो. म्हणून ओल्या कापडात गुंडाळलेल्या थर्मामीटरचे आणि काळ्या धातूच्या गोळ्यातील थर्मामीटरचे वाचन एकत्र करून एक निर्देशांक काढतात. छपराखाली पहिल्याला 0.7 आणि दुसऱ्याला 0.3 इतके वजन दिले जाते. ओल्या थर्मामीटरला मिळालेले हे मोठे वजन धागा काढण्याच्या जागेचे नेमके दुखणे पकडते. हा निर्देशांक 1950 च्या दशकात अमेरिकी सैनिकांना प्रशिक्षण छावण्यांत होणाऱ्या उष्माघातांच्या अभ्यासातून तयार झाला.

हातांची अवस्था वेगळी नोंदवावी लागते. तासन्‌तास गरम, सेरिसिन मिसळलेल्या पाण्यात राहिल्याने बोटांची त्वचा पांढरी पडून फुगते, तिला भेगा जातात, नखांच्या कडा सुजतात आणि त्यातून जंतुसंसर्ग होतो. फ्रान्समध्ये एकोणिसाव्या शतकातच या विकाराला ‘माल द बासिन’, म्हणजे बेसिनचे दुखणे, असे नाव पडले होते. बोटे अशी झाली की स्पर्शाची जाण मंदावते, आणि बारीक टोक ओळखण्याचे काम तर याच स्पर्शावर अवलंबून असते. म्हणजे हे काम आपल्याच हत्याराची धार बोथट करत असते. त्याचे माप घेण्यासाठी बोटांच्या टोकांवर ठरावीक जाडीचे बारीक तंतू टेकवून कोणता जाणवतो ते पाहण्याची वैद्यकीय चाचणी सोपी असून कामाच्या जागीच करता येते.

श्वसनाचे विकार हा दुसरा गंभीर भाग आहे. रेशमाची प्रथिने आणि किड्यांचे कण हवेतून श्वासात गेल्याने दमा होतो, हे भारतातील धागा काढणाऱ्या कामगारांच्या 1985 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही आढळले. येथे मोजणाऱ्याची एक फसगत ठरलेली असते. कामाच्या जागी जाऊन जे भेटतील त्यांची तपासणी केली तर तेथे टिकून राहिलेलेच लोक मोजले जातात. ज्यांना दमा झाला ते केव्हाच काम सोडून गेलेले असतात, आणि त्यामुळे जागा आहे त्यापेक्षा निरोगी भासते. म्हणून गेल्या काही वर्षांत काम सोडलेल्यांना घरी जाऊन शोधणे हा तपासणीचा अविभाज्य भाग मानला पाहिजे, मग त्यासाठी कितीही पायपीट पडो.

बसण्या-उभे राहण्याच्या ठेवणीसाठी 1993 मध्ये इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथे तयार झालेली रूला नावाची गुणपद्धती वापरतात. दंड, मनगट, मान आणि कंबर किती अंशांत वळली आहे, त्यावरून 1 ते 7 गुण दिले जातात आणि 7 गुण आले तर काम तत्काळ बदलावे असे समजतात. ही पद्धत उपयुक्त असली तरी ती एका क्षणाचे चित्र पाहते, तापलेले पाणी तिला दिसत नाही आणि आठ तास तीच ठेवण ठेवण्यातला त्रासही ती जेमतेमच पकडते. म्हणून तिच्या जोडीला स्वीडनमधील मानसशास्त्रज्ञ गुनार बोर्ग यांची 6 ते 20 आकड्यांची श्रमपट्टी लागते. तिच्यावर कारागीर स्वतः आपल्याला किती दमल्यासारखे वाटते ते सांगतो, आणि त्या आकड्याला 10 ने गुणले की निरोगी तरुण माणसाच्या हृदयाच्या ठोक्यांचा ढोबळ अंदाज मिळतो. नाडी कमी आणि सांगितलेला आकडा मोठा, असे वारंवार आढळले तर दुखणे हृदयाच्या श्रमात नसून डोळे, बोटे किंवा वाफ यांत आहे, असा निष्कर्ष निघतो. कारागिराचे स्वतःचे म्हणणे हेही एक माप आहे, आणि यंत्राच्या आकड्याखाली ते दडपून टाकण्याचे काहीच कारण नाही.

मजुरी आणि उचल

कर्नाटकात ‘रीलर’ म्हणजे बहुधा परवाना असलेला, कोषबाजारात बोली लावणारा छोटा मालक असतो, आणि बेसिनशी बसणारा मजूर त्याच्याहून वेगळा असतो. त्यामुळे ‘रीलरचे सरासरी उत्पन्न’ असा आकडा मांडणारी पाहणी दोन अगदी भिन्न आयुष्यांची सरासरी काढून मोकळी होते. मजुराचे खरे माप म्हणजे प्रत्यक्ष तासाची मजुरी. त्यासाठी किलोमागच्या दराला केवळ धागा काढण्याच्या तासांनी भागून चालत नाही, चूल पेटवणे, कोषांची वाट पाहणे, गुंता वेगळा करणे आणि भांडी धुणे हे सारे तास धरावे लागतात. चरख्यावर चाक फिरवणारी व्यक्ती पुष्कळदा घरातलीच बाई असते आणि तिचे नाव हजेरीत नसते, म्हणून तिचे तास वेगळे शोधून लिहावे लागतात.

ऊसतोडीच्या मुलखातील वाचकांना उचल म्हणजे काय हे समजावून सांगण्याची गरज नाही. रेशीम व्यवसायातही आगाऊ दिलेल्या रकमेने मजूर एका मालकाशी बांधला जातो, आणि ‘ह्यूमन राइट्स वॉच’ या संस्थेने 2003 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात अशा रकमांपोटी कर्नाटकासह काही राज्यांत लहान मुलेही या कामाला जुंपली गेल्याचे नोंदवले आहे. ज्याच्या अंगावर उचल आहे तो वाईट बेसिन सोडून चांगल्या बेसिनकडे जाऊ शकत नाही. त्यामुळे कामाच्या परिस्थितीच्या पाहणीत पाण्याच्या तापमानाइतकीच उचलीची रक्कम आणि ती फिटण्यास लागलेले महिने नोंदवणे अगत्याचे ठरते.

कौशल्याच्या मोजमापाचा चाबूक केला, ते उदाहरण

कौशल्याचे मोजमाप नेहमी कारागिराच्या हिताचेच होते असे नाही, हे जपानच्या इतिहासावरून उघड होते. मेजी सरकारने 1872 मध्ये फ्रेंच तज्ज्ञ पॉल ब्रुना यांच्या देखरेखीखाली तोमिओका येथे 300 बेसिनचा आदर्श कारखाना काढला. तेथे कामाचे तास मर्यादित होते, रविवारी सुटी असे, आणि शिकून तयार झालेल्या मुलींना कौशल्यानुसार श्रेणी मिळे. पुढे सुवा सरोवराच्या परिसरात खासगी कारखाने वाढले, आणि तेथे श्रेणीची कल्पना वेगळ्या वळणावर गेली. प्रत्येक मुलीने किती धागा काढला, कोषांमागे किती उतारा दिला, डेनिअर कितपत सारखा राखला आणि धाग्याला चमक कशी आली, हे रोज तपासून तिची तुलना कारखान्यातील सरासरीशी केली जाई, आणि मजुरीसाठी बाजूला काढलेली एकूण रक्कम मात्र ठरलेलीच असे.

या रचनेचा अर्थ असा की सर्वांनी कौशल्य वाढवले तरी एकूण मजुरी वाढत नसे. एकीचे गुण वाढले की तिच्या शेजारणीचे पैसे कटत. जपानच्या कृषी व व्यापार खात्याने 1903 मध्ये कामगारांच्या स्थितीवर काढलेल्या मोठ्या अहवालात रेशीम कारखान्यांतील दीर्घ कामाचे तास आणि राहणीची हलाखी यांची नोंद आहे, आणि त्याच वर्षी सुवाच्या मालकांनी एकत्र येऊन मुलींची नोंदणी सुरू केली, जेणेकरून कुशल मुलीला दुसऱ्या कारखान्यात जाता येऊ नये. धाग्याची तपासणी तेथे उत्तम होती, जपानी रेशमाने जगाचा बाजार काबीज केला तो काही उगाच नव्हे. परंतु त्या तपासणीच्या वहीत वाफ, तास आणि बोटांची अवस्था यांना रकानाच नव्हता. कौशल्याचे आकडे एका बाजूने गोळा करून परिस्थितीचे आकडे टाळले, की असे होते.

मांडीवर काढलेला कोसा

विदर्भातील गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा आणि गोंदिया जिल्ह्यांत ऐन व अर्जुनाच्या झाडांवर वाढणाऱ्या किड्यांपासून कोसा, म्हणजे टसर रेशीम मिळते, आणि ढीवर समाजातील व आदिवासी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या हे काम करत आली आहेत. येथे वर सांगितलेली मोजपट्टी जशीच्या तशी लावता येत नाही. टसरचा कोष कठीण असतो, त्याचा तंतू तुतीच्या तंतूपेक्षा तीन-चार पट जाड असतो, आणि कोष क्षारयुक्त पाण्यात शिजवून धागा बहुधा कोरडा किंवा ओलसर अवस्थेत काढतात. छत्तीसगड, झारखंड, बिहार या टसरच्या पट्ट्यात हे काम बाया उघड्या मांडीवर करत आल्या : एका हाताने काही कोषांचे तंतू एकत्र ओढून ते मांडीवर तळहाताने वळायचे आणि दुसऱ्या हाताने लाकडी चौकटीवर गुंडाळायचे. कोशाचा धागा थोडा जाड-बारीक असणे हेच त्याच्या कापडाचे सौंदर्य मानले जाते, म्हणून समतेच्या परीक्षेत अनुत्तीर्ण झालेली लड येथे विणकराला नकोशी असेलच असे नाही. येथे कौशल्य पाहायचे ते वळ सारखा पडला का, सांधे सुटतात का आणि कोषांमागे उतारा किती मिळाला यांत.

या कामाची किंमत मात्र त्वचेने मोजली जाते. दिवसभर बसून जेमतेम शंभर ग्रॅमच्या आसपास किंवा त्याहूनही कमी सूत निघते, मांडीची कातडी घासून सोलवटते आणि पाठ व मान आखडून जाते. केंद्रीय रेशीम मंडळाच्या बंगळूर येथील संशोधन संस्थेने छत्तीसगडमधील चांपा येथील एका उद्योजकाच्या साहाय्याने ‘बुनियाद’ नावाचे यंत्र विकसित केले, आणि डिसेंबर 2018 मध्ये केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्रालयाने त्याचे वाटप सुरू करताना मांडीवर धागा काढण्याची पद्धत मार्च 2020 अखेर पूर्णपणे बंद करण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. केंद्रीय रेशीम मंडळाने त्या वेळी दिलेल्या माहितीनुसार मांडीवर काम करणाऱ्या बाईला दिवसाला सुमारे 125 रुपये मिळत, तर यंत्रावर 350 रुपये मिळू शकत, आणि यंत्राची किंमत कर व वाहतूक वगळून 25,000 रुपये होती.

मांडीवरचे काम बंद व्हावे याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. परंतु या तीन आकड्यांतही मोजणाऱ्याला करण्यासारखे बरेच उरते. रोजच्या वाढीव 225 रुपयांनी 25,000 रुपये भरून निघण्यास सुमारे 111 दिवसांचे पूर्ण काम लागते, आणि टसरचे कोष ठरावीक हंगामांतच झाडावरून उतरत असल्यामुळे, ज्या बाईजवळ कोष आगाऊ घेऊन साठवण्याइतके पैसे नाहीत तिच्या वाट्याला वर्षात इतके दिवस काम येईलच असे नाही. म्हणून यंत्र मिळालेल्या घरांच्या नोंदवहीत काढलेल्या सुताचे वजन आणि प्रत यांच्या शेजारी कामाचे दिवस, कोष कोणाच्या पैशाने घेतले, यंत्र कोणाच्या नावावर आहे, मांडीची जखम किती महिन्यांत भरली आणि आता दुखते ते कंबरेत की खांद्यात, हे रकानेही हवेत. आणि त्या रकान्यांतील उत्तरे त्या बाईलाच विचारून, तिच्याच भाषेत लिहून, तिला वाचून दाखवली गेली पाहिजेत.